बेटावरून माहिष्मतीकडे

कोपरगावात गोदावरीच्या काठी बेट नावाचा भाग आहे आणि तिथे शुक्राचार्यांचे मंदिर आहे. दैत्यगुरूचे देऊळ सहसा कुठे पाहायला मिळत नाही. कचाने संजीवनी विद्या मिळवली ती याच जागी, अशी इथली श्रद्धा. शुक्राचा अस्त असला की पंचांगात लग्नाचे मुहूर्त नसतात. पण साक्षात शुक्राच्या दारात मुहूर्त कशाला पाहायचा, म्हणून इथे मुहूर्ताविनाही लग्ने लागतात. तालुक्यातला एक साखर कारखाना संजीवनी या नावाने ओळखला जातो, इंजिनिअरिंग कॉलेजही संजीवनी. ऊस ‘संजीवनी’ला घालणाऱ्या शेतकऱ्याला त्या नावामागची कथा दर वेळी आठवत नसेल, पण महाभारताच्या आदिपर्वातला एक शब्द ट्रॅक्टरच्या पावतीपर्यंत येऊन पोचला आहे, हे खरे.

हे पुस्तक ‘बाहुबली’ या तेलुगू चित्रपटमालेविषयी आहे. चित्रपटातून निघालेली ही कथा कादंबऱ्यांत, चित्रकथांत, अॅनिमेशन मालिकांत आणि मोबाइलच्या खेळात कशी पसरली, याचा शोध पुढच्या लेखांत आहे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत बेटावरच्या मंदिराचा विषय काढला, कारण एका कथेने एका माध्यमातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाणे ही गोष्ट इथे नवी नाही. कचाची कथा व्यासांच्या महाभारतातून मुक्तेश्वरांच्या ओवीत आली, मोरोपंतांच्या आर्येत आली, संगीत रंगभूमीवर आली, कादंबरीत आली. तिच्याशेजारी ‘बाहुबली’ ठेवून पाहिले, तर कोणती कथा पसरते आणि कोणती जागच्या जागी राहते, याचे उत्तर मिळते असे मला वाटते. ते उत्तर लोक समजतात त्याहून वेगळे आहे.

लोकांचे उत्तर असते भव्यता. ते चुकीचे म्हणता येणार नाही. एस. एस. राजामौली यांनी दिग्दर्शित केलेला पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आला, दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी. तेलुगू आणि तमिळ या दोन्ही भाषांत चित्रीकरण झाले, हिंदी आणि मल्याळममध्ये भाषांतरित आवाज चढवले गेले. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत साबू सिरिल यांनी चित्रपटातली माहिष्मती नगरी उभी केली. कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी किलिकी नावाची भाषाच रचली, सुमारे ७५० शब्दांची आणि ४० व्याकरणनियमांची. पहिल्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दुसरा भाग जगभरात हजार कोटी रुपयांच्या पुढे कमाई करणारा पहिला भारतीय चित्रपट ठरला. हे सगळे डोळे दिपवणारे आहे. पण डोळे दिपवणारे चित्रपट त्याआधीही आले आणि नंतरही आले. त्यांतल्या कितींच्या पात्रांवर कादंबऱ्या निघाल्या?

दोन्ही भागांच्या मधल्या जवळजवळ दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत एकच प्रश्न फिरत होता: कट्टप्पाने बाहुबलीला का मारले? चहाच्या टपरीवर, एसटीत, परीक्षा संपवून बाहेर पडणाऱ्या पोरांत तोच. हा प्रश्न लोकांनी इतका धरून ठेवला, याचे कारण पडद्यावरचा धबधबा किंवा सेट नव्हते. प्रेक्षकाला दोन गोष्टी पटलेल्या होत्या. कट्टप्पाचा बाहुबलीवर पोटच्या पोरासारखा जीव आहे, ही एक. आणि कट्टप्पाचे घराणे माहिष्मतीच्या सिंहासनाला बांधलेले गुलाम घराणे आहे, सिंहासनाची आज्ञा त्याला मोडता येत नाही, ही दुसरी. म्हणजे उत्तर पहिल्या भागातच होते. दुसऱ्या भागात राजमाता शिवगामी फसवली जाते, वधाची आज्ञा देते, आणि कट्टप्पा आढेवेढे घेतो तेव्हा तू नाही म्हणालास तर मी स्वतः करीन, असे बजावते. त्याच्यापुढे मग वाट उरत नाही. माणूस दुष्ट नाही, भित्राही नाही. तो एका नियमाला बांधलेला आहे, आणि तो नियम त्याच्या जिवापेक्षा मोठा आहे.

माझे म्हणणे इथे सुरू होते. कथा दुसऱ्या माध्यमात जाते ती नियमाच्या जोरावर. सेट मोडून टाकला जातो, नट बदलतात, पडद्यावरचे जादूचे प्रयोग दहा वर्षांत जुने दिसू लागतात. पण ‘माहिष्मतीत सिंहासनाचा शब्द मोडता येत नाही’ एवढे एक वाक्य हातात आले, की कादंबरीकाराला, चित्रकाराला, खेळ रचणाऱ्याला पुढे काय घडू शकते आणि काय घडूच शकत नाही, हे कळते. त्यालाच त्या जगाचा पत्ता सापडला असे म्हणायचे.

आता बेटावरची कथा पाहा. देव आणि असुर यांची लढाई. शुक्राचार्यांकडे संजीवनी आहे, म्हणून मेलेला असुर उठतो आणि मेलेला देव मेलेलाच राहतो. देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शत्रूच्या गुरूकडे शिष्य म्हणून पाठवतात. तो गुरूची सेवा करतो, गुरूची लाडकी लेक देवयानी त्याच्यावर जीव लावते. असुरांना डाव कळतो. कच गाई राखायला रानात गेला असताना ते त्याला मारतात आणि तुकडे करून लांडग्यांना घालतात. गाई एकट्या घरी येतात. देवयानी बापाला सांगते, तो हाक मारतो आणि कच लांडग्यांची शरीरे फोडून बाहेर येतो. दुसऱ्यांदा त्याला वाटून समुद्रात कालवतात, तरी तो परत येतो. तिसऱ्यांदा असुर शहाणे होतात. ते कचाला जाळतात, त्याची राख मद्यात मिसळतात आणि ते मद्य खुद्द शुक्राचार्यांना पाजतात.

ही तिसरी वेळ जगातल्या कुठल्याही अद्भुतकथेच्या बरोबरीने ठेवावी अशी आहे. आता हाक मारली तर कच गुरूचे पोट फाडून बाहेर येणार, म्हणजे बाप मरणार. नाही मारली तर कच मरणार. देवयानीला दोघांतले कुणी जायला नको आहे. आणि संजीवनी विद्या ज्याला येते तोच दुसऱ्याला उठवू शकतो. शुक्राचार्य मग एकच करू शकतात: पोटातल्या कचालाच विद्या शिकवतात. कच बाहेर येतो, गुरू कोसळतो, शिष्य गुरूला जिवंत करतो. ज्या गुपितासाठी असुरांनी तीन वेळा खून केला, ते गुपित त्यांच्याच तिसऱ्या खुनामुळे शत्रूच्या हाती गेले. इथे चमत्कार आहे, पण चमत्कारालाही किंमत आहे आणि ती किंमत आधीच ठरलेली आहे. शेवटी देवयानी कचाला लग्नाचे विचारते, तेव्हा त्याच्याकडे जे उत्तर आहे तेही त्याच घटनेतून आलेले: मी तुझ्या बापाच्या पोटातून आलो, तू माझी बहीण झालीस. जीव वाचवणारी गोष्टच प्रेमाच्या आड येते. देवयानी शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. आणि उलट शाप देतो की कुठलाही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. त्या शापातून पुढे देवयानी, शर्मिष्ठा आणि राजा ययाती यांची सगळी कथा निघते.

मराठीने या कथेचे काय केले? १९१३ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत विद्याहरण’ रंगभूमीवर आले, बालगंधर्व देवयानी होते. खाडिलकरांनी मद्याच्या त्या एका पेल्यावर सगळे नाटक तोलले आणि शुक्राचार्यांच्या व्यसनाची शोकांतिका उभी केली. १९५९ साली वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आली, जिला पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. तिच्यात कच शापानंतर निघून न जाता कादंबरीभर फिरत राहतो, ययातीच्या भोगासमोर संयमाचा माणूस म्हणून उभा राहतो. १९६६ साली वि. वा. शिरवाडकरांनी ‘ययाति आणि देवयानी’ लिहिले. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांचे पहिले नाटक, कन्नडमधले ‘ययाति’, १९६१ चे. प्रत्येकाने घटना जवळजवळ त्याच ठेवल्या आणि न्याय मात्र निराळा दिला. कुणी देवयानीला अहंकारी म्हटले, कुणी फसवली गेलेली म्हटले. आपल्याकडे कथेचा विस्तार होतो तो असा: नवे प्रसंग कमी, नवा न्यायाधीश जास्त.

‘बाहुबली’चा विस्तार बहुतेक उलट्या दिशेने झाला. तिथे काळ मागे नेला गेला आणि रिकाम्या वर्षांत प्रसंग भरले गेले. २०१७ साली ‘द लॉस्ट लेजंड्स’ ही अॅनिमेशन मालिका आली, त्यात बाहुबली आणि त्याचा भाऊ भल्लालदेव तरुणपणी साहसे करतात. २०२४ मध्ये ‘क्राउन ऑफ ब्लड’ आली, तिच्यात दोघे भाऊ माहिष्मती वाचवण्यासाठी एकत्र लढतात. चित्रकथा आल्या, मोबाइलवर खेळ आला. मी यांतल्या बऱ्याचशा गोष्टी आवडीने पाहिल्या. पण पाहून झाल्यावर मनात फारसे उरले नाही. भावाभावांत पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे मधल्या साहसांना धार येत नाही. सिंहासनाचा तो नियम तिथे बाजूला पडतो आणि तलवारी पुढे येतात.

अपवाद आहे आनंद नीलकंठन यांच्या कादंबऱ्यांचा. पहिली, ‘द राइज ऑफ शिवगामी’, दुसरा चित्रपट येण्याच्या थोडी आधी, २०१७ मध्येच आली. नीलकंठन हे रावणाच्या बाजूने ‘असुर’ आणि दुर्योधनाच्या बाजूने ‘अजय’ लिहिणारे लेखक. त्यांनी माहिष्मतीत शिरताना बाहुबलीचा हात धरला नाही. ज्या शिवगामीच्या एका शब्दावर पुढे राज्य हलते, ती लहानपणी या राज्याची वैरीण होती, असे त्यांनी मांडले: तिच्या वडिलांना राजद्रोही ठरवून माहिष्मतीच्या राजाने मृत्युदंड दिला आणि तिने राज्य उलथवण्याची शपथ घेतली. कट्टप्पाला त्यांनी एक भाऊ दिला, शिवप्पा. त्याला गुलामगिरी मान्य नाही. एकाच घरात एक भाऊ नियम पाळणारा, दुसरा तो तोडू पाहणारा. चित्रपटात जो नियम न बोलता गृहीत धरलेला होता, तो कादंबरीत उघडा पडला आणि कट्टप्पाच्या निष्ठेकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटू लागले. खाडिलकरांनी आणि खांडेकरांनी कचाच्या कथेबाबत जे केले, त्याच जातीचे हे काम आहे, आणि या साऱ्या विस्तारात मला सर्वांत मोलाचे तेच वाटते.

कोपरगावचे नाव आणखी एका कथेशी जोडलेले आहे, आणि ती पुराणातली नाही. सालबाईच्या तहानंतर पेशवे घराण्यातले राघोबादादा गोदावरीकाठी कोपरगावला येऊन राहिले आणि १७८३ साली इथेच वारले. त्यांचा वाडा कोपरगावात आहे. त्याआधी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारले. कोवळा पोर चुलत्याला, राघोबादादांनाच, बिलगला होता. पकडण्याचा हुकूम मारण्याचा कसा झाला, त्यात राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंचा हात किती, यावर अजून वाद आहे; लोकांनी मात्र तो केव्हाच संपवून टाकला आणि बाईंना दोषी ठरवले. मग रामशास्त्री प्रभुणे. राज्याचा कर्ता पुरुष खुनात सामील असेल तर त्याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्याच्या तोंडावर सांगणारे न्यायाधीश. मारल्या गेलेल्या पेशव्याचा मुलगा बापाच्या मृत्यूनंतर जन्माला आला आणि अवघ्या चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली.

राजघराण्यातल्या बाईच्या नावावरची आज्ञा, हुकमाचा ताबेदार मारेकरी, घरातलाच हितशत्रू, पाळण्यातला वारस: माहिष्मतीत जे जे आहे ते इथेही होते. राजामौलींनी ही कथा घेतली असे मला मुळीच सुचवायचे नाही. गादीभोवतीचे भाऊबंद जगभर असेच वागले आहेत. फरक आहे तो मारेकऱ्याचा. गारदी पगारी होते, त्यांना कुठलीच शपथ बांधत नव्हती, म्हणून त्यांच्यातल्या सुमेरसिंगावर कुणी कादंबरी लिहायला बसत नाही. या कथेतला बांधलेला माणूस म्हणजे रामशास्त्री. म्हणूनच मराठी मन या प्रकरणाकडे वळते तेव्हा त्यांच्या बाजूने वळते. खाडिलकरांनीच १९०९ साली ‘भाऊबंदकी’ लिहिले. शुक्राचार्यांवरचे नाटक आणि राघोबांवरचे नाटक, चार वर्षांच्या अंतराने, एकाच लेखणीतून. १९४४ साली प्रभातने ‘रामशास्त्री’ काढला, गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिता पवार आनंदीबाई. नाटक, चित्रपट, पुढे दूरदर्शनच्या मालिका, शाळेच्या गॅदरिंगमधले प्रवेश: ही कथा दीडशे-दोनशे वर्षे चालते आहे ती त्या एका न्यायाच्या खुंट्याला बांधून.

गोदावरी इथून पुढे पैठण, नांदेड करत तेलंगणात शिरते आणि राजमहेंद्रीपाशी सागराच्या जवळ पोचते. राजमहेंद्रीच्या समोरच्या काठावर कोव्वूर आहे. ‘बाहुबली’ची कथा लिहिणारे व्ही. विजयेंद्र प्रसाद, म्हणजे राजामौलींचे वडील, मूळचे तिथले. पण मला याहून जवळचा वाटतो तो दुसरा धागा. आंध्रातल्या सुरभी नाटक मंडळींची घराणी मूळची महाराष्ट्रातून गेलेली, मराठी बोलणारी, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारी. १८८५ मध्ये कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावी वनारस गोविंदराव यांच्या पुढाकाराने त्यांनी ‘कीचकवधम्’ हे नाटक केले आणि बाहुल्या सोडून माणसे रंगमंचावर आली. पुढे ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू पौराणिक नाटके करत राहिली, आणि त्यांची ख्याती झाली ती रंगमंचावरच्या चमत्कारांसाठी. नारद वरून खाली उतरतो. दोन बाजूंनी सुटलेले बाण मध्ये एकमेकांवर आपटतात आणि ठिणग्या उडतात. ‘मायाबझार’मधला घटोत्कच जेवायला बसतो तेव्हा पदार्थ आपोआप चालू लागतात. हे सगळे दोऱ्या, कप्प्या आणि पडद्याआडच्या पोरासोरांच्या हातावर. पहिल्या तेलुगू बोलपटाची, ‘भक्त प्रह्लाद’ची, नायिका सुरभी कमलाबाई याच परंपरेतली. ‘मायाबझार’ची कथा आपल्याकडे वत्सलाहरण म्हणून ओळखीची, १९५७ मध्ये के. व्ही. रेड्डी यांनी तिच्यावर जो चित्रपट केला, तो तेलुगू घराघरांत अजून पाहिला जातो. ‘बाहुबली’च्या मागे असा मोठा वारसा उभा आहे, आणि त्याच्या उगमाशी मराठी बोलणारी काही कुटुंबे आहेत, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे.

उलट दिशेनेही येणे झाले. बाहुबलीची भूमिका करणाऱ्या प्रभासला हिंदीत आवाज दिला तो शरद केळकर यांनी. २०२१ मध्ये शेमारू मराठीबाणा वाहिनीने प्रवीण तरडे यांच्या पुढाकाराने हे चित्रपट मराठीत आणले, तेव्हा गश्मीर महाजनी यांनी बाहुबलीला मराठी आवाज दिला. शिवगामीच्या तरुणपणावर २०१८ मध्ये एक वेबमालिका जाहीर झाली होती, तिच्यात शिवगामीच्या भूमिकेसाठी धुळ्याच्या मृणाल ठाकूर यांची निवड झाली होती. चित्रीकरण झाले, पण ती मालिका प्रेक्षकांपर्यंत आलीच नाही. माहिष्मतीवर मालकी आहे. तिथे कोणती कथा सांगायची, कोणती कपाटात ठेवायची हे निर्माते ठरवतात, आणि त्यांनी घातलेल्या पैशाचा विचार केला तर तो हक्क त्यांचाच आहे. त्याच निर्मात्यांनी २०२५ च्या ऑक्टोबरअखेर दोन्ही भाग जोडून, कातरून ‘बाहुबली: द एपिक’ नावाने पुन्हा पडद्यावर आणला.

खरी माहिष्मती नर्मदेच्या काठची. परंपरेने ती आजचे महेश्वर मानली जाते, सहस्रार्जुनाची राजधानी. तिथून ज्यांनी राज्य केले त्या अहिल्याबाई होळकर कोपरगावच्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जिल्ह्याला आता त्यांचेच नाव आहे. राजमाता, न्याय, घरातले दुःख गिळून चालवलेले राज्य, हे सगळे त्यांच्या चरित्रात आहे आणि ते इतिहासातले आहे. मराठीत त्यांच्यावर चरित्रे झाली, नाटके झाली, हिंदीत मालिका झाली. पण प्रत्येक लेखक पहिल्यापासून सुरुवात करतो आणि आपल्यापाशीच थांबतो. महेश्वरचा दरबार, तिथले विणकर, तिथली न्यायाची रीत एकदा नीट मांडून पुढच्या लेखकाच्या, चित्रकाराच्या, खेळ रचणाऱ्या पोराच्या हाती द्यावी, असे आपल्याकडे झालेले नाही. ‘बाहुबली’कडून घ्यायचे असेल तर हे घ्यावे: चार जणांनी मिळून एका जगाचे नियम ठरवणे आणि मग ते पाळणे.

वाचकांना एक विनंती. पुढचे लेख वाचण्याआधी दोन्ही चित्रपट पाहून घ्या, जमल्यास मराठीतले. मग आदिपर्वातले कच-देवयानीचे आख्यान वाचा, ते फार मोठे नाही. आणि कोपरगावच्या तरुण मंडळींना मुद्दाम सांगतो: कचाच्या कथेवर कुणाचा हक्क नोंदलेला नाही. तिच्यावर चित्रकथा काढायला, अॅनिमेशन करायला, मोबाइलचा खेळ बांधायला हैदराबाद-मुंबईच्या परवानगीची गरज नाही. गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली मुले-मुली संगणकावर चित्रे हलवू शकतात, बेटावर जाऊन जागा पाहू शकतात. फक्त तिसऱ्या खुनापाशी घाई करू नका. पेला शुक्राचार्यांच्या ओठाला लागलेला आहे, देवयानी दारात उभी आहे, आणि कच अजून कुणालाच सापडलेला नाही, तिथे जितके थांबता येईल तितके थांबा.